कागदाची मागची बाजू

४ मार्च

टोळा,

तुझ्या बायकोचा फोन आला म्हणून लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तू म्हणशील, सात वर्षांनी हिला अचानक भावाचा उमाळा कुठून आला. उमाळाबिमाळा काही नाही. ती रडत होती, आणि रडणाऱ्या बाईला 'नंतर करते' म्हणून फोन ठेवता येत नाही, एवढंच.

ती म्हणाली, पाच आठवडे झाले, तू शाळेत शिकवायला गेला नाहीस. खेळाच्या तासाला शिट्टीचा आवाज तुलाच सहन होईना, म्हणून स्वतःचीच शिट्टी भिंतीवर फेकलीस आणि घरी आलास, तो परत गेलाच नाहीस. पडदे ओढून सोफ्यावर पडून असतोस. जेवायला हाक मारली की भिंतीकडे तोंड करतोस. डॉक्टरचं नाव काढलं तर मात्र ताडकन उठतोस, कपाटातली निळी फाइल काढतोस आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला तो कागद तिच्या नाकासमोर धरतोस. 'स्पर्धेसाठी तंदुरुस्त.' खाली सही, शिक्का. "बघ, डोकं तपासलंय माझं. डोक्याला काही झालेलं नाही. मी मुळात भेकड, आता आळशीही झालोय. त्यावर औषध नसतं."

मग तिने मला विचारलं, "ताई, हे स्पर्धेत पडले त्या दिवशी तुम्ही होतात ना तिथे? यांच्या डोक्याला खरंच काही लागलं नव्हतं?"

मी म्हटलं, "नाही गं. खांदाच काय तो."

भेकड हा शब्द तुला कुणी दिला ते मला माहीत आहे. तू सायकलच्या उड्यांच्या स्पर्धा सोडल्यास तेव्हा एका वार्ताहराने मला गाठलं होतं, आणि मी फाडकन बोलून गेले होते, "खांदा बरा झालाय त्याचा. छातीत दम उरला नाही." पेपरात ते ठळक अक्षरात छापून आलं. मी ते मागे घेतलं नाही. तू बोलणं टाकलंस. बरोबरच केलंस.

तर डॉक्टरकडे जा. बायकोचं ऐक. मोठी बहीण म्हणून सांगायचा हक्क मी गमावलाय, म्हणून ओळखीची बाई समजून ऐक.

ताई

७ मार्च

टोळा,

मागचं पत्र अजून फोडलं नसशील तर फोडू नकोस, फाडून टाक. त्यात अर्धं शहाणपण आहे आणि शहाणपण मला शोभत नाही.

मी कशी आहे ते तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. ठणठणीत. सायकलच्या त्याच दुकानात आहे. चाकांचा आऊट काढते दिवसभर. वाकडं झालेलं चाक स्टँडवर लावायचं, फिरवायचं, कुठे लडबडतंय ते बघायचं आणि एकेक स्पोक पाव-पाव फेरा आवळत चाक सरळ करायचं. मला! जिला शाळेत बाकावर दहा मिनिटं बसवत नसे! मालकांनी मला आता मागच्या खोलीत बसवलंय. तिथे ट्यूबलाइट नाही, खिडकीचा उजेड येतो तेवढाच. मीच मागितली ती खोली. म्हटलं, एकाग्रता होते. ते म्हणाले, "बाई, एकाग्रता करा, पण हातोडी फेकू नका." एकदाच फेकली होती. कुणाला लागली नाही.

थांब, गॅस बंद केलाय का बघून येते.

केला होता. तर काय सांगत होते? हां. काल चाक फिरवता फिरवता माझ्या तोंडातून आपोआप निघालं: घोडा, रुमाल, खिडकी, लिंबू, पितळ. मालक दारात उभे. म्हणाले, "हे काय, मंत्र म्हणताय?" मी म्हटलं, मंत्रच समजा. सायकलवरून कोलांट्या मारायच्या आमच्या जुन्या धंद्यात याच मंत्राने माणूस पुन्हा रॅम्पवर चढायचा.

आठवतंय का तुला? कुणी डोक्यावर आपटला की स्पर्धेचे डॉक्टर त्याला खुर्चीत बसवायचे. वार कुठला, महिना कुठला, मग पाच शब्द सांगायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि पाच मिनिटांनी विचारायचे, "आता सांग बघू ते शब्द." चार आले की पास. बिचारा भला माणूस. पण त्यांच्याकडे एकच कागद होता आणि त्याच्याच झेरॉक्स ते वर्षानुवर्षं वापरत होते. तेच पाच शब्द, त्याच क्रमाने. आपल्या सगळ्या तांड्याला ते पाढ्यासारखे पाठ. सकाळी ब्रश करताना एकाने 'घोडा' म्हणायचं, पलीकडून दुसऱ्याने 'रुमाल' म्हणायचं. नवीन पोरगं आलं की आधी हेल्मेट कसं आवळायचं ते शिकवायचे, मग हे शब्द.

आणि तरीही कुणी अडकलाच, तर डॉक्टरांच्या पाठीमागे उभं राहून खुणा करणारं कुणीतरी असायचंच. दोन मुठी लगाम धरल्यासारख्या, की घोडा. कपाळ पुसलं, की रुमाल. दोन्ही हातांनी झडपा उघडल्या, की खिडकी. तोंड आंबट केलं, की लिंबू. पितळेला खूणच नव्हती, कारण शेवटचा शब्द कधी कुणी विसरायचंच नाही.

याला आपण मदत म्हणायचो. किती हसायचो आपण.

चहा करपला. पुन्हा ठेवते.

ताई

१२ मार्च

टोळा,

आज दुपारी तुझ्या बायकोचा पुन्हा फोन आला. या वेळी रडत नव्हती. दबक्या आवाजात, स्वयंपाकघराचं दार लावून बोलत होती. म्हणाली, तू सकाळी अगदी शांतपणे, चहाचा कप हातात धरून तिला म्हणालास, "मी नसलो तर या घरातले पडदे तरी उघडतील."

तिने कामावरून रजा टाकलीय. तुला एकटं सोडत नाही. शेजारीण दिवसातून दोनदा येऊन जाते ती साखर मागायला येत नाही, हे तुला कळलं असेलच. त्यांच्यावर चिडू नकोस. दोघी जे करताहेत ते एका डॉक्टरांना विचारूनच करताहेत.

फोन ठेवला आणि मी हातातलं चाक पूर्ण करायला बसले. एक स्पोक आवळला, आवळला, आवळतच राहिले, आणि तो तुटला. वीस वर्षांत माझ्या हातून स्पोक तुटला नव्हता. मालकांनी माझ्या हातातली स्पोक आवळायची चावी काढून घेतली आणि म्हणाले, "घरी जा. आज चाकं तुमचं ऐकणार नाहीत."

तर आता सांगते. नीट वाच, हवं तर उभ्याने वाच.

तो कागद खोटा आहे. आठ वर्षांपूर्वी, अंतिम फेरीच्या सकाळी, सरावात तू पडलास. खांद्यावर नाही. खांदा दुपारी मोडला. सकाळी तू डोक्यावर पडला होतास. डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं तेव्हा तुला शब्द आठवेनात. तू माझ्याकडे बघितलंस, म्हणालास, "ताई, सांभाळून घे," आणि मी मागे उभं राहून खुणा केल्या. आपल्यात सगळेच करायचे. तू पास झालास.

म्हणजे तुझं डोकं तपासलेलंच नाही. कधीच नाही. दुपारी खांदा मोडला, सगळे खांद्याकडे बघत बसले आणि डोकं तसंच राहिलं. जे काही तुला होतंय, तो आळस नाही आणि भेकडपणा तर नाहीच नाही. जा आणि दाखव. माझ्यावर हवं तेवढं चिड, पण आधी दाखव.

ताई

१३ मार्च

टोळा,

कालच्या पत्रातही मी खोटं लिहिलं. सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. कबुली द्यायला बसले आणि तिथेही स्वतःला अर्धी शिक्षा माफ करून घेतली.

"सांभाळून घे" असं तू म्हणाला नव्हतास. तू काहीच मागितलं नव्हतंस.

तू रॅम्पच्या पायथ्याशी बसला होतास. मी धावत आले, तुझं हेल्मेट काढलं. मागच्या बाजूने त्याला तडा गेला होता, बोटाने उसवता येईल एवढा. मी ते गाडीच्या सीटखाली सरकवलं आणि माझं हेल्मेट तुझ्या मांडीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी तडा गेलेलं हेल्मेट कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकलं, वर पुठ्ठे टाकून झाकलं. हे आजवर कुणालाच माहीत नाही.

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, "ताई, आपण कुठे आहोत?"

मी म्हटलं, "स्पर्धेला आलोय ना रे वेड्या."

तू म्हणालास, "अच्छा." आणि थोड्या वेळाने पुन्हा, तस्संच, "ताई, आपण कुठे आहोत?"

तिसऱ्यांदा विचारेपर्यंत डॉक्टर आले. मी तुझ्या कानात सांगितलं, वार शनिवार. महिनाही सांगितला. पाच शब्द सांगायची गरजच नव्हती, ते तुला झोपेतून उठवलं तरी यायचे. डॉक्टरांनी विचारलं आणि तू "घोडा" म्हणून थांबलास. अकरा वर्षं रोज घोकलेले शब्द, टोळा. त्या क्षणी मला कळलं. डॉक्टरांना कळलं नाही, कारण त्यांना वाटलं तू ते पाच मिनिटांपूर्वी पहिल्यांदाच ऐकलेत. त्या मैदानात तुझं डोकं किती बिघडलंय हे एकाच माणसाला समजलं होतं, आणि ते माणूस कपाळ पुसत होतं, झडपा उघडत होतं, तोंड आंबट करत होतं.

का केलं? पदकासाठी नाही. पदकं आपण डब्यात टाकून ठेवायचो, स्क्रूंबरोबर. मला ती दुहेरी उलटी कोलांटी बघायची होती. माझ्या अंगाने ती कधी झाली नाही, त्याआधीच गुडघ्याने मान टाकली. मग तीन वर्षं मी ती तुझ्या अंगात घातली, फोमच्या खड्ड्यात हजार वेळा. ती उडी तुझी नव्हतीच रे, माझी होती. दुपारी अंतिम फेरी होती आणि पुढच्या स्पर्धेपर्यंत मला थांबून राहवलं नाही.

कोलांटी पूर्ण झाली. तुला आठवत नसेल म्हणून सांगते. दोन पूर्ण फेरे, हवेत, अगदी स्वच्छ. उतरताना पुढचं चाक रुतलं आणि तू खांद्यावर गेलास, आणि डोकं पुन्हा जमिनीवर आपटलं. तू उठला नव्हतास, तरी मी टाळ्या वाजवत होते.

आणि नंतर तुला रॅम्पवर चढताना घाम फुटायला लागला तेव्हा 'दम उरला नाही' म्हणणारी पण मीच.

माझी लाज वाटते मला. आठ वर्षं वाटतेय.

ताई

२० मार्च

टोळा,

तुझ्या बायकोला फोनवर सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. 'ठेवते' सुद्धा म्हणाली नाही. चार दिवसांनी तिनेच केला. आवाज थंड होता, पण केला. म्हणाली, पत्रं तू वाचलीस. फ्रिजवर पडली होती, बारा तारखेपासूनची दोन फोडलीस. वाचून हसलास म्हणे. म्हणालास, "ताईला आता माझी कीव आलीय, म्हणून गोष्ट रचतेय. पेपरात बोलली त्याचं प्रायश्चित्त. मला असलं काही आठवत नाही. आणि मी ते पाच शब्द विसरेन? मी?"

खोटं बोलत होते तेव्हा तुझा माझ्यावर केवढा विश्वास होता!

दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. खाली बसले की उठत होते, उठले की कशाला उठले ते आठवत नव्हतं. दुकानात एका बाईंची सायकल दुसऱ्याच बाईंना देऊन टाकली. दोघीही खूश होत्या, हा भाग वेगळा. मालकांनी निस्तरलं. पुरावा कुठून आणू? हेल्मेट टाकून दिलेलं. डॉक्टर आता हयात नाहीत. ज्यांनी बघितलं ते सगळे आपल्यासारखेच, स्वतःचा पत्ता विचारून घरी जाणारे.

काल सकाळी दात घासताना एकदम आठवलं. थुंकले आणि हसत सुटले, मग रडत बसले.

पितळेला खूण नव्हती, टोळा. 'घोडा'नंतरचे तीन शब्द तू माझ्या खुणांवरून वाचलेस आणि पाचव्याला माझ्याकडे बघत राहिलास. मला काही सुचेना. माझ्या कमरेला तो जुना पट्टा होता, त्याला पितळेचं मोठं बक्कल. मी त्याच्यावर बोट ठेवलं, दोनदा टकटक केलं. आणि तू अगदी आनंदाने म्हणालास, "बक्कल!"

डॉक्टर हसले. म्हणाले, "बक्कल नव्हतं रे त्यात. पण चालेल, पाचात चार." आणि त्यांनी लिहून घेतलं. ते नेहमी माणूस जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायचे, कागदाच्या मागच्या बाजूला, शाईच्या पेनने.

तू आठ वर्षं तो कागद प्लॅस्टिकमध्ये ठेवून पुढची बाजू दाखवत आलायस. पिशवीतून काढ. उलटा कर. 'पितळ'च्या जागी काय लिहिलंय ते वाच. आणि मग तूच सांग, अकरा वर्षं ब्रश करताना 'पितळ' ओरडणारा माणूस आपल्या मनाने बक्कल म्हणेल का?

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. कागदावर ठेव.

ताई

२८ मार्च

टोळा,

कळलं मला. तू कागद उलटा केलास. तुझ्या बायकोने सांगितलं. शब्द वाचलास. मग तिला विचारलंस, "मी भेकड नव्हतो?" ती म्हणाली, "कधीच नव्हतात." मग तू रडलास. त्यानंतर तिला सांगितलंस की ताईला कळव, पुन्हा फोन करू नकोस म्हणावं.

नाही करणार. हे पत्र आहे, फोन नाही, एवढी एक पळवाट ठेव मला.

तुझा राग हक्काचा आहे. मी तो कमी करायला लिहीत नाहीये. माझ्याबद्दल एक गोष्ट उरलीय, तेवढी सांगते, कारण ती तुझ्याही उपयोगाची आहे.

दुसऱ्या पत्रात मी ठणठणीत असल्याचं लिहिलं होतं. नाहीये. डोक्यावर अकरा वेळा पडलेय मी. त्यातल्या चार मला आठवतात, बाकीच्या लोकांनी सांगितल्या. ट्यूबलाइट डोळ्यांत घुसते म्हणून मागची खोली मागितली. हातोडी एकदा नाही, तीनदा फेकली. कधी कधी सकाळी बिछान्याच्या कडेला बसते आणि पायात चप्पल घालायला अर्धा तास लागतो. पाय दुखतात म्हणून नाही. चप्पल घालून पुढे काय करायचं, या विचाराने. गेल्या थंडीत तुझ्यासारखंच काहीतरी माझ्याही मनात येऊन गेलं होतं. कुणाला सांगितलं नाही. मालकांनी त्या आठवड्यात रोज सकाळी 'चाक अडलंय, लवकर या' म्हणून फोन केला. चाक कुठलंच अडलेलं नव्हतं. पण मी जात राहिले.

तुला डॉक्टरकडे जा जा म्हणत होते आणि स्वतः? लोका सांगे ब्रह्मज्ञान. म्हणून मंगळवारी गेले. मेंदूच्या दवाखान्यात. मोठी पांढरी इमारत आहे, आत सगळे हळू आवाजात बोलतात. डॉक्टर बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. सगळं विचारलं, घाई न करता. मग म्हणाली, "मी पाच शब्द सांगते, लक्षात ठेवा. नंतर विचारेन."

मला हसूच आलं. तिने शब्द सांगितले. मग झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, एका पायावर उभं केलं, कागदावर घड्याळ काढायला लावलं. मग म्हणाली, "सांगा ते शब्द."

मी ताठ बसले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "घोडा, रुमाल, खिडकी, लिंबू, पितळ."

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "फार छान म्हणालात. पण यातला एकही माझा नाही."

मी तिच्या मागे बघितलं, टोळा. खरंच बघितलं. भिंत होती, हात धुवायची सूचना लावलेली. कुणी नव्हतं.

तिच्या शब्दांतला एकही मला आठवला नाही. तिने ते चिठ्ठीवर लिहून दिले, ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे, अजून उघडायची हिंमत झालेली नाही. पुढच्या आठवड्यात मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढणार आहेत. मी तिला सरळ विचारलं, आता काय उपयोग? म्हणाली, झालेले मार पुसता येत नाहीत. पण झोप, राग, डोकेदुखी, हे जे काळं पाणी चढल्यासारखं वाटतं ते, या सगळ्यावर उपचार आहेत आणि त्यांनी फरक पडतो. म्हणाली, तुमच्यासारखे उड्या मारणारे, आपटणारे बरेच येतात माझ्याकडे, आणि सगळे आधी हेच म्हणतात की माझा स्वभावच खराब झालाय.

मी म्हटलं, माझा एक भाऊ आहे.

तिचं नाव आणि दवाखान्याचा नंबर तुझ्या बायकोला कळवलाय. तुमच्या गावाहून तीन तास लागतात. जवळ दुसरं कुणी चांगलं असेल तर तिथे जा, पण जा. मला कळवू नकोस हवं तर.

ताई

५ एप्रिल

टोळा,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघूनच मी पायरीवर बसले. मालक विचारत होते, वाईट बातमी का? मी मान हलवली, पण हो का नाही ते मलाच कळलं नाही.

चारच ओळी आहेत, पण पाठ झाल्यात. नवीन काही पाठ होत नाही म्हणणाऱ्या त्या डॉक्टर बाईला सांगायला हवं.

'मंगळवारी दहा वाजता तपासणी आहे, तुझ्याच डॉक्टरकडे. त्या दिवशी काय काय झालं ते मला आठवत नाही, तेव्हा तू येऊन तिला सगळं सांग, हेल्मेटसकट. पण शब्द विचारतील तेव्हा तू खोलीत नसशील. माफ केलेलं नाही.'

येते. माफ करू नकोस एवढ्यात, ते गडबडीत करायचं काम नाही.

मी नऊ वाजताच पोचेन, मला थांबून राहवत नाही हे तुला माहीत आहेच. सगळं आधीच कागदावर लिहून ठेवलंय, म्हणजे आयत्या वेळी माझी जीभ पुन्हा सोयीचं काही बोलायला नको. तारीख, वार, सकाळी किती वाजता पडलास, तडा केवढा होता, तीन वेळा काय विचारलंस, दुपारी डोकं पुन्हा कसं आपटलं. तुझ्या बायकोला वाचून दाखवते आधी, चालेल? ती जे खोडेल ते खोडेन.

तो निळ्या फाइलमधला कागद आण. डॉक्टर बाईला मागची बाजू दाखवू.

माझं सांगून झालं की मी उठेन. तिच्या खोलीबाहेर पांढऱ्या भिंतीला लागून एक लाकडी बाक आहे, तिथे बसेन. दाराला वरच्या बाजूला काच आहे, ते मी मागच्या वेळी बघून ठेवलंय, म्हणून दाराकडे पाठ करून बसेन. तिचे शब्द दर वेळी वेगळे असतात, मी विचारून घेतलं. त्यामुळे तुझ्यासाठी कोणते असतील ते मलाही माहीत नसेल. घाबरू नकोस. जेवढे येतील तेवढे सांग. दोन आले तर दोन. एकही आला नाही तर तसंच सांग, आणि बाहेर ये.

मी बाकावरच असेन. दोन्ही हात खिशात घालून.

ताई